घरातला हस्की आणि माळावरचा लांडगा

सकाळी सहाच्या आत बर्फीला घेऊन नाशिकमधल्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅककडे निघाले की कुणी ना कुणी थांबतंच. परवा दुधाच्या पिशव्या घेऊन चाललेल्या एका आजींनी नातवाला मागे ओढलं आणि म्हणाल्या, ‘‘अगं बाई, लांडगा पाळलायस का?’’ कॉलेजातली मुलं फोटो काढतात आणि विचारतात, ‘‘ताई, केवढ्याला घेतला?’’ आणि एप्रिल उजाडला की तिसरा प्रश्न ठरलेला: ‘‘याला एसी लागतो ना?’’

बर्फी सायबेरियन हस्की आहे, आता साडेपाच वर्षांची. आमच्याकडे आली तेव्हा तीन वर्षांची होती. आधीच्या घरच्यांनी ती मोठ्या हौसेनं घेतली होती. माणसं वाईट नव्हती. पण दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी हात टेकले आणि ती आमच्या दारात आली, तेव्हा तिच्या डोळ्यांभोवती खपल्या होत्या आणि पाठीवरचे केस मशीननं भादरलेले होते. या दोन्ही गोष्टी का झाल्या, हे नीट समजायला मला वर्ष लागलं. ते दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून हे लिहिते आहे.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हस्की लांडगा नाही, आणि लांडग्याशी संकर करून काढलेली जातही नाही. जगातली झाडून सगळी कुत्री, आपल्या गल्लीतला गावठी मोत्यासुद्धा, प्राचीन करड्या लांडग्यांच्या वंशातली. कुत्रा माणसाच्या संगतीला लागून किमान पंधरा हजार वर्षं झाली. हस्कीच्या बाबतीत एक धागा जास्तीचा आहे. सायबेरियातल्या तैमिर द्वीपकल्पावर सुमारे ३५,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्याचं हाड सापडलं. त्याच्या जनुकांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या नामशेष झालेल्या लांडग्याचा थोडा अंश हस्कीत आणि ग्रीनलँडच्या कुत्र्यांत असल्याचं दिसलं. म्हणजे नातं आहे, पण कैक हजार वर्षांपूर्वीचं. सायबेरियाच्याच उत्तरेला झोखोव्ह नावाचं बेट आहे. तिथे ९,५०० वर्षांपूर्वी माणसं कुत्र्यांना गाडीला जुंपत होती आणि त्या कुत्र्यांचे वंशज आजचे गाडी ओढणारे कुत्रे आहेत, असं २०२० मधल्या संशोधनानं दाखवलं. नांगराला बैल जुंपण्याच्या जेवढ्या जुन्या गोष्टी आपण सांगतो, त्यांच्याही आधीचं हे काम!

रस्त्यात हस्की आणि लांडगा ओळखायची सोपी खूण म्हणजे शेपूट. हस्की खुशीत असला की त्याची शेपूट कोयत्यासारखी वळून पाठीवर येते. लांडग्याची शेपूट सरळ खाली लोंबते. लांडग्याचे पाय लांब, छाती अरुंद, आणि डोळे पिवळसर, मधाच्या रंगाचे. निळे डोळे मोठ्या लांडग्याला नसतात. हस्कीचे दोन्ही डोळे निळे असू शकतात, तपकिरी असू शकतात, किंवा एक निळा आणि एक तपकिरी. बर्फीचा डावा निळा आहे. लोक त्याला दोष समजतात, पण हा जनुकांतला एक बदल आहे. अठराव्या गुणसूत्रावरचा एक छोटा तुकडा दोनदा येतो, आणि हस्कीचे डोळे निळे होण्याचा संबंध त्याच्याशी आहे, हे २०१८ मध्ये कळलं. नजर दोन्ही डोळ्यांची सारखीच असते.

खरंच लांडग्याचं रक्त घालून काढलेल्या जाती वेगळ्या. १९५० च्या दशकात तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात सीमेवरच्या पहाऱ्यासाठी कार्पेथियन लांडगा आणि जर्मन शेफर्ड यांचा संकर करून पाहिला गेला. ब्रिता नावाची लांडगीण आणि सेझार नावाचा कुत्रा यांची पहिली पिल्लं १९५८ मध्ये झाली. त्यांतून पुढे चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉग ही जात उभी राहिली. हॉलंडमध्ये लीन्डर्ट सार्लोस या माणसानं १९३० च्या दशकात असाच प्रयत्न केला होता. त्याला राखणीचा दणकट कुत्रा हवा होता. हाती आला तो माणसाला बुजणारा, अनोळखी आवाजानं कोपऱ्यात जाणारा प्राणी. राखण करायची तर माणसावर चालून जावं लागतं, आणि लांडग्याचा मूळ स्वभाव माणसापासून लांब पळण्याचा.

हे सांगायचं कारण असं, की आपल्याकडे पिल्लू विकताना ‘वुल्फ ब्रीड आहे’ म्हणून भाव चढवतात. ते पिल्लू बहुतेक वेळा हस्की आणि शेफर्ड यांचं मिश्रण असतं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं एका पत्रातून २३ प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं होतं. त्या यादीत ‘वुल्फ डॉग’ होते, हस्की नव्हता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं. खुद्द लांडगा तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो पाळता येतच नाही.

बर्फावरचा हमाल

हस्की कुठून आला हे कळल्याशिवाय त्याचं वागणं कळत नाही. रशियाच्या अगदी ईशान्य टोकाला, बेरिंगच्या सामुद्रधुनीपाशी चुकची लोक राहतात. त्यांना दूरवर शिकारीला जायचं तर स्लेजशिवाय इलाज नव्हता. स्लेज म्हणजे चाकं नसलेली, बर्फावरून घसरत जाणारी गाडी. तिला जुंपायला त्यांनी पिढ्यान् पिढ्या निवडून काढलेला हा कुत्रा. फार ताकदवान नको, कारण मोठ्या अंगाला खायलाही जास्त लागतं. हलकं ओझं, बेताचा वेग आणि प्रचंड अंतर, तेही थोडक्या खाण्यावर. म्हणून आजही नर हस्की २० ते २७ किलो आणि मादी १६ ते २३ किलो एवढीच भरते. फुगलेल्या केसांमुळे दीडपट दिसते. बर्फीला आंघोळ घातली की आमच्या शेजारच्या काकू दर वेळी म्हणतात, ‘‘एवढीशीच आहे की गं ही!’’

१९०८ च्या सुमारास हे कुत्रे रशियातून अलास्कातल्या नोम गावी आले. तिथे ६५० किलोमीटरच्या स्लेज शर्यती व्हायच्या. तिथल्या दांडग्या कुत्र्यांपुढे ही लहानखुरी जनावरं बघून लोक हसले. १९१० मध्ये याच कुत्र्यांच्या चमूनं ती शर्यत साधारण ७४ तासांत जिंकली. जगानं त्यांचं नाव ऐकलं ते १९२५ मध्ये. ऐन हिवाळ्यात नोममध्ये घटसर्पाची साथ आली. बंदर गोठलेलं, औषध दूर नेनाना गावच्या रेल्वे स्थानकावर. वीस चालक आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी ते औषध १,०८५ किलोमीटर साडेपाच दिवसांत पोचवलं, उणे ४० अंशांच्या थंडीत, एकानं दुसऱ्याच्या हाती देत. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो या कुत्र्याचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उभा राहिला. सगळ्यात लांब आणि धोक्याचा टप्पा मात्र लिओनहार्ड सेप्पाला या चालकाच्या टोगो या कुत्र्यानं ओढला होता, तेव्हा त्याचं वय बारा वर्षांचं होतं.

या धंद्यानं हस्कीला तीन सवयी लावल्या, आणि फ्लॅटमध्ये त्या तिन्ही त्रासाच्या वाटतात. पट्टा लावला की ओढणं, कारण ओढणं हेच त्याचं काम. दार उघडं दिसलं की पळणं, आणि पळाला की सरळ रेषेत पळत राहणं. तिसरी सवय म्हणजे हुकूम जसाच्या तसा न मानणं. पुढे बर्फ पातळ आहे हे कळलेला कुत्रा चालक ‘चल’ म्हणाला तरी थांबला पाहिजे, नाहीतर सगळे बुडतील. शेफर्ड एका हाकेला येतो. हस्की हाक ऐकतो, मान वळवून बघतो आणि मग त्याचं तो ठरवतो. कुत्रा मठ्ठ आहे असं तेव्हा लोकांना वाटतं, आणि काही जण हात उगारतात. कृपा करून असं करू नका. मारानं हस्की सुधारत नाही, तो माणसापासून मनानं तुटतो.

राखणदार म्हणून तो अगदी कुचकामी. चुकची लोकांच्या वस्तीत ही कुत्री बायकापोरांच्या अंगाखांद्यावर वाढायची, असं सांगतात. चोर आला तर बर्फी त्याच्यापुढे पाय वर करून पोट दाखवेल, याबद्दल मला शंका नाही.

माठ, कूलर आणि जीभ

आता उन्हाळा. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण नाशकात हस्की दगावतात ते याच दिवसांत.

आपलं गाव थंड म्हणून ओळखलं जातं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याची बातमी दर वर्षी येते आणि ‘इथे हस्की छान राहील’ असं माणसाला वाटतं. ते दोन महिने तो राहतोही छान. पण एप्रिल-मेमध्ये हाच पारा चाळिशी गाठतो, आणि हस्कीला बाराही महिने इथेच काढायचे असतात.

माणसाला घाम येतो आणि तो उडाला की अंग गार पडतं. कुत्र्याच्या अंगाला असा घाम येत नाही, थोडाफार फक्त पंजांच्या गादीला येतो. त्याचा सगळा भार जिभेवर. तोंड उघडून भराभर धाप टाकायची, म्हणजे जीभ, तोंड आणि श्वासनलिका यांच्यावरचा ओलावा उडतो आणि रक्त गार होतं. आपला माठ हेच करतो. पाणी बाहेर पाझरतं, उडतं, आतलं पाणी गार होतं. वाळ्याचा कूलरही तेच करतो. म्हणून या तिघांची ताकदही एकच आणि दुबळेपणाही एकच. हवा कोरडी असेल तर उत्तम, दमट झाली की संपलं. मे महिन्यात कूलरपुढे तुमचा हस्की निवांत पडलेला दिसेल. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आभाळ भरून येतं, पाऊस पडत नाही, आणि कूलर नुसता ओला वारा फेकतो. पारा ३४ वर उतरलेला असतो, म्हणून आपण गाफील राहतो. बर्फीची सगळ्यात वाईट दुपार मेमधली नव्हती, जूनमधली होती. न्हाणीघराच्या फरशीवर चारही पाय पसरून, पोट जमिनीला चिकटवून ती पडली होती. जीभ एवढी लांब आणि टोकाशी रुंद झालेली मी आधी कधी पाहिली नव्हती. लाळ नेहमीची पातळ नव्हती, दोरीसारखी तार धरत होती. हिरड्या विटेसारख्या लाल.

ही उष्माघाताची सुरुवात असते. कुत्र्याचं तापमान मुळात आपल्यापेक्षा जास्त, साधारण ३८.३ ते ३९.२ अंश. ते ४१ च्या वर गेलं की आतडी, मूत्रपिंडं, मेंदू सगळ्यांनाच इजा होऊ लागते. उलटी, अडखळत चालणं, डोळे भिरभिरणं ही पुढची लक्षणं. अशा वेळी आधी कुत्रा गार करायचा, मग डॉक्टरकडे पळायचं. नळाचं साधं पाणी अंगभर, केसांच्या मुळापर्यंत पोचेल असं ओतत राहायचं आणि पंखा थेट त्याच्यावर सोडायचा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होऊन वाफ कोंडतो. पाणी समोर ठेवा, पण तोंडात ओतू नका. गाडीत एसी लावून न्या, आणि तो उठून चालायला लागला तरी डॉक्टरांना दाखवाच. आतली इजा एकदोन दिवसांनी दिसू शकते.

एसीबद्दल विचारणाऱ्यांना मी स्पष्ट ‘हो’ म्हणते. मार्चअखेर ते पावसाचा जम बसेपर्यंत दुपारी अकरा ते सहा त्याला एसीची खोली हवी. आणि वीज गेली तर काय करायचं हेही ठरलेलं हवं. आमच्याकडे इन्व्हर्टरवर एक पंखा आणि फ्रीजरमध्ये बाटल्या कायम तयार असतात. गच्चीवर, जिन्याखाली किंवा पोर्चमध्ये बांधून ठेवणार असाल तर हा कुत्रा घेऊच नका. दुसरं एक भय इथलंच आहे. मखमलाबाद, गंगापूर, देवळालीच्या बाजूला मळ्यांतून बिबटे फिरतात आणि रात्री बाहेर बांधलेला कुत्रा हे त्यांचं सोपं भक्ष्य.

फिरणं सूर्योदयाच्या आसपास किंवा रात्री नऊनंतर. रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसतो.

ती गोधडी काढू नका

बर्फीला भादरलं होतं ते प्रेमापोटी. ‘एवढे केस, गरीब बिचारी उकडून मरेल’ असं कुणालाही वाटेल. पण हस्कीच्या अंगावर दोन थर असतात. आत मऊ, दाट लोकर आणि तिच्यातून बाहेर आलेले लांब, राठ केस. लोकर हवा धरून ठेवते, राठ केस पाणी आणि ऊन अडवतात. ‘हे केसच त्याला उन्हाळ्यात गार ठेवतात’ असं काही जण सांगतात, ते अर्धंच खरं. केस ऊन थेट कातडीपर्यंत येऊ देत नाहीत. पण आतली ऊब बाहेर जायलाही ते आडवे येतात, म्हणूनच तो इतक्या लवकर तापतो. उपाय भादरणं हा नाही. भादरल्यावर कातडी उघडी पडून भाजते, आणि उत्तरेकडच्या या जातींत केस परत धड येतीलच याची खात्री नसते. आधी लोकर वाढते आणि राठ केस मागे पडतात, म्हणजे उन्हाची ढाल गेली आणि स्वेटर मात्र राहिला. बर्फीच्या पाठीवर एक हातभर पट्टा अजून फिका आणि भुरभुरीत आहे.

करायचं ते एवढंच: मेलेली लोकर काढून टाकायची. निसर्ग ती वर्षातून दोनदा सोडतो. आमच्याकडे मोठी गळती रंगपंचमीच्या आगेमागे सुरू होते. आधी मांड्यांवर छोटे छोटे झुपके बाहेर येतात, मग बोटांनी धरलं तर कापसासारखी मूठभर लोकर निघते, तिला दुखत नाही. लांब दातांचा, आतल्या लोकरीसाठी मिळणारा ब्रश घेऊन रोज अर्धा तास बसावं लागतं, तीन आठवडे. एका बैठकीत एक पिशवी भरते. गॅलरीत उडालेले पुंजके बुलबुल घरट्यासाठी उचलून नेतात. घरात कुणाला दमा असेल, किंवा आमटीत केस दिसला की जेवण सोडणारं कुणी असेल, तर हे सगळं आधी डोळ्यांसमोर आणा.

पावसाळ्यात उलटा त्रास. भिजलेली लोकर आतून वाळत नाही, कातडी शेवाळल्यासारखी ओलसर राहते आणि एका रात्रीत रुपयाएवढा ओला, लालबुंद चट्टा पडतो. टॉवेलनं काम भागत नाही, गार हवेचा ब्लोअर लागतो. आणि गोचीड! एवढ्या दाट केसांत ती दिसत नाही, बोटांनी चाचपावी लागते. कानामागे, पायांच्या बोटांमध्ये, शेपटीखाली. गोचीड तापानं आपल्याकडे कुत्री हकनाक जातात. खाणं सुटलं, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या तर ‘उद्या बघू’ म्हणू नका.

दूध-पोळी आणि जस्त

डोळ्यांभोवतीच्या खपल्यांची गोष्ट सांगायची राहिली. आधी बुरशी समजून मलमं झाली. मग एका अनुभवी डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, ‘‘खायला काय देता हिला?’’ आधीच्या घरी रोज दूध-पोळी, कधी भात. हस्की आणि अलास्कन मालाम्यूट या जातींतल्या काही कुत्र्यांच्या आतड्यात जस्त नीट शोषलंच जात नाही. त्यात धान्यावरच पोट भरलं, तर धान्यातला फायटेट नावाचा घटक उरलंसुरलं जस्तही बांधून ठेवतो. मग डोळे, ओठ, नाक यांच्या कडेनं कातडी जाड होते, खपल्या धरतात. गावठी कुत्रा ज्या दूध-भाकरीवर जन्म काढतो, तिच्यावर हस्की आजारी पडू शकतो. डॉक्टरांनी जस्ताच्या गोळ्या दिल्या, जेवणात मांस आणि अंडी वाढवली, आणि सहा आठवड्यांत खपल्या गेल्या. गोळ्यांचं प्रमाण मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं, जस्त जास्त झालं तर विषारी आहे.

किती खायला घालायचं? शर्यतीत दिवसभर धावणारा स्लेजचा कुत्रा दिवसाला १०,००० कॅलरीपर्यंत खातो. फ्लॅटमधल्या वीस-बावीस किलोच्या हस्कीला साधारण १,१०० पुरतात. थोडक्यात भागवणारं शरीर आहे, उन्हाळ्यात तर तो आपणहून एक वेळचं जेवण सोडतो. घरच्यांचा जीव वरखाली होतो आणि मग भरवाभरवी सुरू होते. वजन वाढलेला हस्की उन्हाळ्यात दुप्पट धोक्यात असतो. तो खेळकर असेल, पाणी पीत असेल, तर भरवू नका.

नाशिककरांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या, कारण आपल्या घरात त्या पोत्यानं आणि पेटीनं येतात. कांदा आणि द्राक्षं. कांद्यानं, आणि लसणानंही, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा, शिजवलेला, रश्श्यातला, कुठलाही. द्राक्षं आणि मनुके तर मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती द्राक्षं बाधतील याचा अंदाज बांधता येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिंडोरी, पिंपळगावकडून पाहुणे पेट्या घेऊन येतात, मुलं हौसेनं एकेक द्राक्ष टाकतात आणि कुत्रा हवेत झेलतो. आमच्याकडे द्राक्षं आली की आता पेटी थेट माळ्यावर जाते. उन्हाळ्यात गोड म्हणून मी चिकनचं अळणी, कांदा-लसूण न घातलेलं पाणी कुल्फीच्या साच्यांत गोठवते. एक साचा चाटायला तिला वीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ तिचं डोकंही गुंतलेलं राहतं.

डोकं गुंतवणं हा तिच्यासाठी व्यायामाइतकाच गरजेचा भाग. रोज दीड-दोन तास चालणं-पळणं लागतं, आणि उन्हाळ्यात तेवढं बाहेर जमत नाही. मग घरातच खाऊ लपवून शोधायला लावणं, जुन्या पोत्यात गाठी मारून देणं असं काही करावं लागतं. रिकामा बसलेला हस्की सोफा फाडतो, कुंड्या उकरतो, जाळीचा खिळा नाकानं सैल करतो. मोकळ्यावर पट्टा कधीच सोडू नका. सोमेश्वरला एकदा एका कोंबडीमागे तिनं माझ्या हातातून पट्टा हिसकला. ती सापडली तेव्हा दोन वस्त्या ओलांडल्या होत्या.

आणि तिचा आवाज. हस्की फारसा भुंकत नाही, तो मान वर करून लांब सूर लावतो. अॅम्ब्युलन्स गेली, आरती सुरू झाली, आम्ही उशिरा आलो, की लागला सूर. आपल्याकडे रात्री कुत्रं रडणं अशुभ मानतात. आमच्या सोसायटीत पहिल्या महिन्यात दोन तक्रारी आल्या, एका घरात तर आजारी माणूस होता. मी वाद घातला नाही. बर्फीला घेऊन त्यांच्या दारात गेले, ती कशी आणि का ओरडते ते सांगितलं, आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आता तेच खिडकीतून म्हणतात, ‘‘गाऊ दे गं तिला.’’ सगळीकडे असं होईलच असं नाही. म्हणून कुत्रा आणण्याआधी शेजाऱ्यांशी बोला.

माझं मत विचाराल तर नाशकात हस्कीचं नवं पिल्लू विकत घेऊ नये. घ्यायचंच असेल तर आई-बाप समोर बघा, त्यांच्या डोळ्यांची तपासणी झाली आहे का विचारा, कारण या जातीत तरुणपणीच मोतीबिंदू येऊ शकतो. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांप्रमाणे मनाई आहे, ‘आजच न्या’ म्हणणाऱ्याकडून उठून या. आणि बारा ते चौदा उन्हाळे मोजा, एक नाही. त्यापेक्षा ज्यांना घर सोडावं लागलं असे मोठे हस्की कितीतरी असतात, त्यांच्यातल्या एकाला घरी आणा.

लांडगाच पाहायचा असेल तर तो आपल्याच जिल्ह्यात आहे. येवल्याजवळ ममदापूरच्या माळावर काळवीट पाहायला लोक जातात, तिथेच नशीब असेल तर लांडगा दिसतो. सडपातळ, लांब पायांचा, मातीच्या रंगाचा, अंगावर उन्हाळ्यात जेमतेम केस. आपल्या उन्हाला साजेसं शरीर कसं असतं ते त्याच्याकडे बघून कळतं, आणि बर्फी किती परकी आहे तेही. भारतात हे लांडगे तीनेक हजारांच्या घरात उरलेत, वाघांच्या आसपासच. त्यांचं माळरान नांगराखाली आणि प्लॉटिंगखाली चाललं आहे, आणि त्यात आता कुत्र्यांची भर. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा संसर्गजन्य आजार त्यांना लागतो, शिवाय पुण्याच्या बाजूला लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत निघालं आहे.

म्हणून सांभाळता येत नाही असं वाटलं, तर ‘मोकळ्या रानात राहील बिचारा’ म्हणून हस्कीला गाडीत घालून सिन्नर-येवल्याकडे सोडून येऊ नका. तो तिथे शिकार करून जगू शकत नाही, मेंढपाळाच्या हातून तरी मरतो नाहीतर उन्हानं, आणि मरण्याआधी लांडग्यांना आजार देऊन जातो. आपल्या डॉक्टरांना सांगा, त्यांच्याकडे दत्तक घेणाऱ्यांची नावं असतात. शहरात कुत्र्यांसाठी काम करणारे कार्यकर्ते आहेत, त्यांना फोन करा. घर सापडेपर्यंत महिना-दोन महिने लागतात, तेवढे दिवस ठेवून घ्या. बर्फीला माझ्याकडे यायला सात आठवडे लागले होते, आणि तेवढे दिवस त्या घरच्यांनी तिला हॉलमध्ये एसीखाली झोपवलं होतं.